ऊर्जा आणि पोषकद्रव्ये परिसंस्थेत कशी फिरतात? उसाच्या पाचटावरून समजून घेऊया

ऊस तुटून गेला की आमच्याकडे संध्याकाळी शिवारात जाळ दिसायला लागतात. पाचट पेटवलं की रान लगेच मोकळं होतं. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करायचो. पण त्या जाळात नेमकं काय जातं आणि काय उरतं, हे कळलं की परिसंस्था कशी चालते तेही कळतं.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणचे सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांची मिळून परिसंस्था बनते. जंगल किंवा तळ्यासारखंच उसाचं रानही परिसंस्थाच आहे, फक्त ती माणसाने चालवलेली.

ऊर्जेची वाट एकेरी

वनस्पती सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करतात. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक खातो, बेडकाला साप. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा जगण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते. पुढच्या पायरीला ढोबळमानाने १० टक्केच मिळते. गवतात १०,००० एकक ऊर्जा असेल, तर नाकतोड्यांत १,०००, बेडकांत १०० आणि सापांत फक्त १०. म्हणूनच शिवारात नाकतोडे ढीगभर आणि साप मोजके. अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी ऊर्जेच्या या पायऱ्यांची मांडणी १९४२ मध्ये केली. निघून गेलेली उष्णता झाडांना पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे रोज नवं ऊन लागतं.

पोषकद्रव्यांचा फेरा गोल

नत्र, स्फुरद, पालाश मात्र उन्हासारखे रोज नव्याने येत नाहीत. ते मातीतून पिकात, पिकातून जनावरात जातात आणि पालापाचोळा, शेण यांच्यामार्फत परत मातीत येतात. हे परतीचं काम जिवाणू, बुरशी आणि गांडुळं करतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. हरभरा, तूर यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पिकाला मिळवून देतात. स्फुरद तर मुळात खडकातून येतो, तोही फार सावकाश.

मग पाचट जाळल्यावर काय होतं?

एका हेक्टरमधून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र असतं, म्हणजे ४० ते ५० किलो. युरियाच्या भाषेत सांगायचं तर ४५ किलोच्या दोन ते अडीच गोण्या. जाळलं की यातलं बहुतेक नत्र हवेत जातं. पालाश आणि स्फुरद बरेचसे राखेत उरतात, पण राख वाऱ्याने उडते, पावसात वाहते. वर्षभर साठवलेली ऊर्जाही काही मिनिटांत संपते. तीच ऊर्जा गांडुळांचं आणि जिवाणूंचं जेवण होती.

माझी एक चूक

पहिल्यांदा पाचट ठेवलं तेव्हा मी ते नुसतं पसरून दिलं. काही दिवसांनी खोडवा पिवळा पडला आणि घरचे म्हणाले, "जाळलं असतं तर बरं झालं असतं." कारण नंतर कळलं. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र कमी. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून पाचटाची कुट्टी करून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे. पुढच्या वर्षी तसं केलं आणि खोडवा हिरवागार राहिला.

अर्थात, पाचट ठेवलं म्हणून खत बंद करता येत नाही. ऊस कारखान्याला जातो, म्हणजे पोषकद्रव्यांचा एक वाटा शेताबाहेर जातोच, आणि पाचटातलं नत्रही पिकाला हळूहळू मिळतं. पण जो वाटा रानातच राहू शकतो, तो काडी लावून का घालवायचा? ऊन उद्या पुन्हा येईल. उडून गेलेलं नत्र मात्र गोणीतून विकत आणावं लागेल.