कोरी पाटी

आमच्या परभणीस जिंतूर रस्त्यावर माझा एक जुना विद्यार्थी लोखंडी कामाचें दुकान चालवितो. त्यानें दोन वर्षें खपून एक लहानशी मोटार बांधली. परवां ती दाखवावयास मला घेऊन गेला. दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, दारांच्या कडांना रबरी पट्टी बसली होती. मागची क्रमांकाची पाटी मात्र कोरी होती. “गुरुजी, एवढेंच राहिलें,” तो म्हणाला. हें ‘एवढेंच’ केवढें आहे, तें आज सांगावयाचें आहे.

इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणला. मागांबरोबर गांवांत सुटे भाग घडविणारे कारागीरही वाढले. याच गांवीं शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४५ च्या सुमारास स्वस्त मोटारीचा ध्यास घेतला. १९४९ मध्यें दोन माणसांची गाडी तयार झाली आणि तिला एम. एच. के. १९०६ हा क्रमांकही मिळाला. तिचें नांव ‘मीरा’. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ते तिच्यांत सुधारणा करीत राहिले. इंजिन मागें ठेविलें, कमानपाट्यांऐवजीं रबराचा आधार दिला. अशी गाडी १२,००० रुपयांत देण्याचा त्यांचा मानस होता. परंतु एक गाडी रस्त्यावर चालविण्याची परवानगी निराळी, आणि विकण्यासाठीं गाड्या बनविण्याची निराळी. ही दुसरी १९५१ च्या उद्योग कायद्यानें दिल्लीच्या हातीं गेली होती. ती त्यांस मिळाली नाहीं.

आज पहिलीही दुर्मिळ झाली आहे. १९८८ चा कायदा व १९८९ चे नियम यांप्रमाणें गाडीचा नमुना पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थेकडून प्रमाणित व्हावा लागतो. कारखानदार हा खर्च हजारों गाड्यांवर वांटतो. एकट्या कारागिरानें तो कोठून काढावा? सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून सुमारें ६०,००० रुपयांत जीपसारखी गाडी केली. तिचें कौतुक झालें आणि २०२२ मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिच्या बदल्यांत त्यांस नवी बोलेरो दिली. ती घरची गाडी नियमांत बसत नाहीं, हें महिंद्र यांनींही आधींच म्हटलें होतें.

इंग्लंडांत एकाच गाडीचीही स्वतंत्र परीक्षा होते. तेथें बाहेरच्या कडा पुरेशा गोल आहेत कीं नाहींत, हेंसुद्धां मोजतात. घरीं जुळविलेली मोटार त्या परीक्षेंत उतरली म्हणजे तिला रस्ता मोकळा होतो. ब्रेक न तपासतां कोणीं रस्त्यावर यावें, असें मी म्हणत नाहीं. माझीं नातवंडें त्याच रस्त्यानें शाळेस जातात. पण तपासणारें दार तरी एकट्या माणसासाठीं उघडें असावें.

माझा विद्यार्थी सध्यां ती मोटार आपल्या शेतांत विहिरीपासून गोठ्यापर्यंत चालवितो. पाटी त्यानें काढलेली नाहीं. दर रविवारीं पुसून ठेवतो.