अतिरेकी मद्यपान आणि जुगार: महाविद्यालयीन वयातील एक दुहेरी धोका

महाविद्यालयात जाणारा मुलगा दारू पितो हे घरात कळते तेव्हा विचारणा होते ती दारूचीच. तो पैजाही लावतो का, हे सहसा कोणी विचारत नाही. या दोन सवयींचा संबंध नेमका कसा आहे, हे तपासल्याशिवाय ही चूक सुधारणार नाही.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील हेन्री वेक्सलर यांनी १९९३ ते २००१ या काळात महाविद्यालयीन मद्यपानाची चार मोठी सर्वेक्षणे केली. मागच्या दोन आठवड्यांत एका बैठकीत पुरुषाने पाच किंवा त्याहून जास्त आणि स्त्रीने चार किंवा त्याहून जास्त पेले घेतले असतील, तर ते अतिरेकी पिणे, अशी व्याख्या त्यांनी वापरली. तिथला प्रमाण पेला म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. या व्याख्येत बसणारे विद्यार्थी दरवेळी सुमारे ४४ टक्के निघाले. २००१ च्या फेरीत जुगाराचेही प्रश्न होते. १०,००० हून अधिक विद्यार्थ्यांपैकी ४२ टक्क्यांनी त्या शैक्षणिक वर्षात कधी ना कधी जुगार खेळला होता, तर आठवड्याला किंवा त्याहून अधिक वेळा खेळणारे २.६ टक्के होते. खेळणाऱ्यांमध्ये अतिरेकी पिण्यासारख्या जोखमीच्या सवयी अधिक आढळल्या.

आपल्याकडचा पुरावा केरळचा आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातील ५८ महाविद्यालयांच्या पाहणीत १९.५ टक्के विद्यार्थ्यांनी कधीतरी जुगार खेळल्याचे सांगितले आणि ७.४ टक्क्यांचा जुगार समस्येच्या पातळीवर गेलेला दिसला. सर्वाधिक खेळली जात होती लॉटरी, जी तिथे सरकारच चालवते. समस्या असलेल्या गटात व्यसनाच्या पदार्थांचे सेवन, मानसिक ताण आणि परीक्षेतले अपयश हे सारे अधिक होते.

अशा आकड्यांवरून ‘दारूमुळे जुगार लागतो’ असे म्हणणे घाईचे ठरेल. एक शक्यता अशी की दोन्हींचे मूळ एकच असावे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते की किशोरवयातील जोखमीची वर्तने सुटी नसतात, ती गटाने येतात. उतावळा स्वभाव, घरापासून दूर राहणे, पिणाऱ्या-खेळणाऱ्या मित्रांचा कंपू ही कारणे दोन्हीकडे लागू पडतात. दुसरी सावधगिरी आकड्यांच्या दिशेची. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीत जुगाराचा विकार असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी मद्यविकार झालेला होता. पण याचा व्यत्यास खरा नाही. पिणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक जुगारी होत नाहीत.

तरीही समान मूळ एवढ्यावर विवेचन संपत नाही, कारण दारू त्या क्षणी निर्णयावर काय करते हे प्रयोगाने तपासता येते. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडले की नशेत माणसाचे लक्ष आखडते. जे समोर आणि ठळक आहे तेवढेच दिसते, दूरचे परिणाम नजरेआड होतात. १९९९ मध्ये किंगडन आणि डिकरसन या संशोधकांनी नियमित जुगार खेळणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला तीन पेले दारू दिली, दुसऱ्याला दारूसारखे भासणारे पेय. मग हातात रोख रक्कम देऊन खेळ मांडला. दारू घेतलेले दुसऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट डाव खेळत राहिले. त्यांच्यातील निम्मे पुरते कफल्लक झाले; दुसऱ्या गटात असे १५ टक्केच होते.

या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते थांबता न येणे. जुगारातला खरा नाश पहिल्या पैजेत नसतो. ‘पाचशे गेले की उठायचे’ हा शुद्धीत केलेला ठराव मोडतो तिथे तो सुरू होतो. हरलेले पैसे ‘रिकव्हर’ करायची ओढ जुगाऱ्याला तशीही असते. दारू त्या ओढीला अडवणारा विचारच दूर सारते. शिवाय, जिंकला तर पार्टी आणि हरला तर गम विसरायला बाटली, असे चक्र उलट दिशेनेही फिरते.

मोबाइलने हे चक्र अधिक घट्ट केले आहे. पूर्वी पिणे एका जागी आणि पत्त्यांचा अड्डा किंवा बुकी दुसऱ्या जागी असे. मधल्या वाटेवर थोडा तरी विचार करायला वेळ मिळे. आता आयपीएलचा सामना तीन-साडेतीन तास चालतो, खोलीवर बाटली उघडलेली असते आणि पुढच्या चेंडूवरची पैज त्याच हातातल्या फोनवरून लागते. पैसेही यूपीआयने तत्क्षणी जातात. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो स्वागतार्हच आहे. मात्र बेकायदा ॲप आणि फोनवरचा सट्टा हे मार्ग उरतातच.

दारूचा वास येतो, तोल जातो. जुगाराचे बाहेरून काहीच दिसत नाही. दिसते ते भरायची राहिलेली फी, मित्रांकडची उधारी, कर्ज देणाऱ्या ॲपचे फोन. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू आणि इतर पदार्थांच्या व्यसनांच्याच प्रकरणात घेतला. आपल्या समुपदेशन कक्षांनी तो धागा अजून पकडायचा आहे. दारूची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: पैजेची रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का, आणि किती खेळलास याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का. जुगाराच्या प्राथमिक तपासणीसाठी हेच दोन प्रश्न १९९७ पासून वापरात आहेत. दोन्हींपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले, तरी पुढची तपासणी हवी.

घरातल्यांनीही हे प्रश्न रागावून न विचारता, शेजारी बसून विचारावेत. मदतीसाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.