तारेत हरवणारी वीज : ओहमच्या नियमापासून खोपोलीपर्यंत

१/ १९११ साली लोणावळ्यात टाटा जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. घाटमाथ्यावरचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरवून वीज निर्माण होणार होती. पण सुमारे ७० किलोमीटर तारांतून मुंबईला पोहोचेपर्यंत त्यातली उरणार किती?

२/ उत्तराची पहिली किल्ली १८२७ मधली. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी सिद्ध केले, की विद्युतदाबाला प्रवाहाने भागले असता तारेचा रोध मिळतो. २३० व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे रोध ११५ ओहम.

३/ दुसरी किल्ली १८४१ मधली. इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी दाखवले, की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर हानी चौपट.

४/ शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. सोप्या हिशेबाने, १००० किलोवॅट शक्ती १००० व्होल्टने पाठवायची तर १००० अँपिअर प्रवाह लागतो. १ लक्ष व्होल्टने केवळ १०. तार तीच, परंतु हानी दहा हजार पटींनी कमी!

५/ म्हणूनच खोपोलीची वीज सुमारे १ लक्ष व्होल्टवर चढवण्यात आली. १९१५ पासून ती मुंबईस पोहोचू लागली आणि घाटातल्या पावसावर गिरण्यांची चाके फिरू लागली.

६/ आज खारेपाटणच्या बाजारपेठेला वीज पुरवणारे रोहित्र हेच गणित उलट मांडते: दाब उतरवते आणि मगच वीज घरात सोडते.