शब्दवेध : द्वीप

‘द्वीप’ म्हणजे द्वि अधिक अप्, दोन बाजूंना पाणी असलेली जमीन. ही फोड डोळ्यांनी पाहायची तर विरारजवळच्या अर्नाळ्याला जावं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला वैतरणेचं मुख. बेटावर कोळ्यांची वस्ती आणि किल्ला. दरवाज्यावर हत्ती-वाघ कोरलेले, आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं. चारी बाजूंनी खारट पाणी असताना हे गोडं पाणी केवढं मोलाचं! १७३७ मध्ये हे बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं.

हाच ‘द्वीप’ झिजून ‘दीव’ झाला, मालदीवच्या शेवटी राहिला. ‘समीप’मध्येही तेच ‘अप्’ आहे. अशा शब्दांत ‘अप्’चं ‘ईप’ होतं, असा पाणिनीने नियमच दिला आहे. मला सर्वांत आवडतो तो ‘अंतरीप’: समुद्रात घुसलेलं भूशिर.