चांदीचे डाखकाम

चांदीचे डाखकाम म्हणजे चांदीयुक्त मिश्रधातू वितळवून धातूचे लहान भाग कायमचे जोडण्याची क्रिया होय. सोनारांच्या बोलीत तिला ‘डाग देणे’ किंवा ‘झाळणे’ असे म्हणतात. जोडावयाचा धातू न वितळता केवळ डाख वितळतो आणि केशाकर्षणाने सांध्यात शिरतो. डाख ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळत असल्याने तंत्रशास्त्र या क्रियेची गणना कठीण डाखकामात करते.

महाराष्ट्रातील उपयोग

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे क्षेत्र आहे. अनेक मराठी घरांच्या देवघरांत कुलदैवताचे चांदीचे टाक असतात. पातळ पत्र्यावर मूर्ती उठवून ते घडवलेले असल्याने जुन्या टाकाची कड फाटल्यास दुरुस्ती नाजूक ठरते. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तरी उठाव वितळून मुद्रा नष्ट होऊ शकते. जोडवी, पैंजण व साखळ्या यांतही हेच काम असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे.

डाखाची निवड

शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते. तांबे व जस्त मिसळल्यास हा बिंदू खाली येतो. ७५ टक्के चांदी, २२ टक्के तांबे व ३ टक्के जस्त असलेला डाख ‘कठीण’, तर ६५, २० व १५ टक्के प्रमाणाचा ‘सुलभ’ मानला जातो. एकाच वस्तूवर अनेक सांधे असल्यास प्रथम कठीण व शेवटी सुलभ डाख वापरतात. आधीच्या सांध्यावर गेरूचा लेप दिल्यास तेथील डाख पुन्हा वाहत नाही.

कथील-शिशाचा मऊ डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, पण चांदीवर तो टाळावा. त्याचा अंश उरलेली वस्तू पुढे तापवल्यास शिसे चांदीत शिरून खड्डे पाडते. म्हणून जुनी दुरुस्ती प्रथम पूर्णपणे खरवडून काढावी लागते.

साधने

पारंपरिक सोनार दिव्याची ज्योत फुंकणीने वस्तूवर वळवत असे. आज लहान कामास ब्यूटेनची हातबत्ती पुरते. मोठ्या कामास स्वयंपाकाच्या गॅसवरील बत्ती लागते. चांदी सर्व धातूंत उत्तम उष्णतावाहक असल्याने केवळ सांधा तापवून भागत नाही, संपूर्ण वस्तू तापवावी लागते. यांखेरीज कोळशाची वीट, चिमटा, कानस, लोखंडी तार व टाकणखार (सवागी) आवश्यक असतात.

कृती

सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करतात व त्यांतील फट ०.१ मिलिमीटरहून कमी ठेवतात. रुंद फट डाख भरून काढत नाही. नंतर टाकणखाराचा लेप देऊन डाखाचे बारीक तुकडे ठेवतात. टाकणखार प्रथम फुगतो आणि सुमारे ७४० अंशांना काचेसारखा पारदर्शक होतो. कारागिराला तापमान ओळखण्याची ही खूण असते. डाख नेहमी अधिक तापलेल्या भागाकडे धावतो, म्हणून डाख वाहू लागताच ज्योत सांध्याच्या रेषेवरून पुढे नेऊन लगेच दूर करतात. शेवटी लोखंडी तार काढून वस्तू सौम्य गंधकाम्लात किंवा तुरटीच्या गरम द्रावणात स्वच्छ करतात. तार तशीच राहिल्यास द्रावणातील तांबे चांदीवर चढते. पोकळ वस्तूला हवा बाहेर पडण्यासाठी छिद्र नसेल, तर ती तापवताना फुटण्याचा धोका असतो.

आरोग्य

कॅडमियममुळे डाख लवकर वाहतो; सोन्याच्या व्यापारातील ‘केडीएम’ ही संज्ञा त्यावरूनच आली. मात्र कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे डाखकामाच्या तापमानातच त्याची वाफ होते. ही वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना गंभीर इजा करते. बंद खोलीत काम करणाऱ्या कारागिराने म्हणून कॅडमियमविरहित डाखच घ्यावा आणि हवा खेळती ठेवावी.