प्लेगच्या सालांतील मुंबई : कामाच्या जागा व त्यांची तयारी

१८९६–९७ च्या प्लेगचें नांव निघालें कीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें पुणें उभें राहतें. रँडसाहेब, घरझडती घेणारे गोरे शिपाई, २२ जून १८९७ ची रात्र आणि चाफेकर बंधु. त्या प्रकरणावर पुष्कळ लिहून झालें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु हा रोग प्रथम ओळखला गेला तो मुंबईंत, आणि मुंबई हें पोट भरण्यासाठीं येण्याचें शहर. तेथील वखारी, गोद्या, गिरण्या व म्युनिसिपालिटीचीं खातीं यांतला माणूस साथीच्या दिवसांत कामावर टिकला तो कां टिकला, आणि निघून गेला तो कां गेला, हा प्रश्न आपल्या मंडळींत फारसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्यापुरतीं साधनें उपलब्ध आहेत. तीं पाहतां आम्हांस जें दिसलें तें येथें मांडतों.

आधीं एका शब्दाचा खुलासा करणें बरें. त्या काळच्या मराठी कागदांत 'प्लेग' हाच शब्द सर्वत्र मिळेल असें समजूं नये. 'गांठीचा ताप', 'ग्रंथिक सन्निपात' असेहि शब्द येतात. उलट नुसतें 'मरी' म्हटलें असेल तर तो प्लेगच असें धरतां येत नाहीं. लोक जरीमरीचा संबंध बहुधा पटकीशीं जोडीत. संग्राहकांनीं कागदावर चिठ्ठी चिकटविण्यापूर्वीं तारीख व रोगाचीं लक्षणें अवश्य पाहावींत. आम्हींहि एकदां पटकीचा एक कागद प्लेगच्या गठ्ठ्यांत बांधून ठेविला होता, हें कबूल केलेलें बरें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांतील रोगी पाहून हा गांठीचा प्लेग आहे असें डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं सांगितलें. हे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या कॉर्पोरेशनचे सभासदहि होते. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. खालीं वखार आणि वर बिऱ्हाडें, अशी तेथील वस्ती. वखारींतून उंदीर मरून पडत असल्याची वार्ता तेव्हांच लोकांच्या तोंडीं होती. परंतु उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि माणूस ही सांखळी पॉल लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचीस प्रयोग करून दाखविली, आणि ती सर्वमान्य होण्यास १९०५ नंतर परळ येथें झालेल्या प्लेग कमिशनच्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. १८९६ सालीं अधिकाऱ्यांची समजूत अशी कीं, रोगाचें बीज घाणींत, ओलींत, भिंतींत व जमिनींत मुरतें. त्यामुळें गटारें समुद्राच्या पाण्यानें धुवून काढलीं, भिंतींवर कार्बोलिकचें व रसकापराचें पाणी मारलें, चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराचीं कौलें उतरविलीं. कांहीं घरांवर तर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाचीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलीं. गटारें धुतल्यामुळें उंदीर शेजारच्या घरांत पळाले व रोग उलट पसरला, असा तर्क पुढील अभ्यासकांनीं केला आहे. तो खरा असेल तर शत्रूची ओळख न पटतां केलेली ती लढाई होती. तथापि त्या लोकांस आजच्या ज्ञानाच्या काट्यावर तोलणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्यांस जें माहीत नव्हतें तें जगांत कोणालाच निश्चित माहीत नव्हतें. त्यांची परीक्षा करावयाची ती दुसऱ्या बाबतींत. कामगार हातचा जाऊं नये म्हणून काय करावें लागतें, हें समजण्यास प्रयोगशाळा लागत नव्हती.

या बाबतींत पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा १८९७ सालचा अहवाल. ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं स्नो यांनीं जाहीरनामा काढून रोग्यांस वेगळें काढण्याचा व जरूर तर बळजबरीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार घेतला. आर्थर रोडच्या इस्पितळाविषयीं गिरणगांवांत भलत्यासलत्या वार्ता उठल्या. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, एवढें तर लोक डोळ्यांनीं पाहत होते. कारण नेला जाई तो बहुधा मरणाच्या दारींच असे. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें १,००० गिरणीकामगार त्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर लगेच स्नो यांनीं आपला हुकूम सौम्य केला.

हुकूम सौम्य करण्याचें कारण म्हणून नेहमीं या दंग्याकडे बोट दाखवितात. अहवाल लक्षपूर्वक वाचला असतां दुसरें एक कारण दिसतें, आणि आमच्या मतें तेंच अधिक वजनदार आहे. स्नो यांस खरी धास्ती होती ती हलालखोर खात्याची. सबंध शहरांत भुयारी गटारें अद्याप झालेलीं नव्हतीं. हजारों घरांचा मैला रोज माणसांच्या हातांनींच उचलला जात होता. हें काम करणारे लोक अस्पृश्य मानलेल्या जातींचे. रोज मैल्यांत हात घालणाऱ्या या माणसांनीं उद्यां भिऊन गांवची वाट धरली, तर शहर राहण्यालायक उरणार नाहीं, मग प्लेगवरील उपायांची गोष्टच कशाला, असा स्नो यांचा हिशेब होता. त्यांत भूतदयेचा भाग किती हें सांगणें कठीण. अहवालाचा सूर तरी कारभाऱ्याचा आहे. परंतु हिशेब अचूक होता. ज्यांस शहर स्पर्श करीत नव्हतें, त्यांच्या एका पावलावर शहराचें जगणें अवलंबून होतें, हें एका वरिष्ठ अंमलदारानें सरकारी कागदावर लिहून ठेविलें आहे. म्हणून त्या अहवालाची पिवळी पडलेली प्रत कोठें दिसली तर ती रद्दींत जाऊं देऊं नये.

गिरण्यांची गोष्ट निराळी. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तींतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले, असा अंदाज त्या वेळीं केला गेला. गिरणीकामगार ७०,००० च्या घरांत. त्यांत रत्नागिरीकडील कोंकणी माणसाचा भरणा मोठा, मागोमाग साताऱ्याकडील घाटी. त्यांस जाण्यास घर होतें, शेताचा तुकडा होता, भाऊबंद होते. कोणी आगबोटीनें गेले, कोणी घाट चढून पायीं गेले. साचे थांबले. मालकांच्या हातीं कामगारास धरून ठेवण्याचें एक जुनें साधन होतें : पगार महिन्यानें, आणि तोहि कांहीं आठवडे थकवून द्यावयाचा. एरवीं मागील पगार बुडेल या भीतीनें माणूस जागचा हलत नसे. प्लेगांत तो पगार सोडूनहि माणसें गेलीं. मरणापुढें थकलेल्या पगाराची ती काय मातब्बरी!

मागें राहिलेल्या कामगारांनीं मग एकच मागणी केली : संध्याकाळीं काम सुटलें कीं त्या दिवसाचे पैसे हातावर पडले पाहिजेत. उद्यांचा भरंवसा नसलेल्या माणसाची ती मागणी अगदीं वाजवी होती. ती मालकांनीं मान्य केली, कारण दुसरा इलाज नव्हता. इतकेंच नव्हे, तर रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून एका गिरणीचे मुकादम दुसऱ्या गिरणीच्या माणसांस चढती मजुरी बोलूं लागले. कामगारांचा जणूं लिलावच होऊं लागला. ही चढाओढ मोडावी म्हणून मालकांच्या संघानें खटपट केली, ती फारशी सिद्धीस गेली नाहीं. कांहीं मालकांनीं गिरणीच्या आवारांत वा जवळच्या मोकळ्या जागेंत झोपड्या बांधून कामगारांस आणून ठेविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. उंदीर पडूं लागले कीं घर सोडून माळावर झोपडींत राहावयाचें, ही रीत पुढील सालांत आपल्या खेड्यांतून सर्रास पडली, आणि अनेकांचे जीव तिनें वांचविले. गिरणीच्या आवारांतली झोपडी हाच उपाय, फक्त मालकाच्या सोयीसाठीं केलेला. उंदरांनीं भरलेल्या चाळींतून माणूस बाहेर निघाला, हा त्यांतला लाभ. मालकास किंवा कामगारास त्याचें शास्त्रीय कारण ठाऊक नसलें म्हणून तो लाभ कमी होत नाहीं.

कामगारांच्या बाजूनें बोलणारा मुंबईंतील प्रमुख माणूस याच सुमारास गेला. नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधू'चे संपादक, ज्यांच्या खटपटीनें १८९० सालीं गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली, ते ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगनेंच वारले. त्यानंतर एका महिन्यानें, १० मार्च रोजीं, रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले पुण्यास त्याच रोगानें गेल्या. कामगारास रोजचा पगार मिळूं लागला त्या काळांत तो टिकवून धरण्यास लोखंडे हयात नव्हते. उन्हाळ्यांत साथ उतरली, माणसें परत आलीं, आणि मालकांनीं पुन्हां महिन्याचा पगार सुरू करावयास घेतला. त्यावर संप झाले. जुनी रीत मात्र पुन्हां बसली.

टोचणीचा इतिहासहि कामाच्या जागांशींच जोडलेला आहे. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोचली. न टोचलेल्यांपेक्षां त्यांच्यांत रोगी व मृत्यु कमी झाले. पुढें १८९८ सालीं हुबळीस गिरणीकामगारांसह हजारों लोकांनीं टोचून घेतलें. टोचणी स्वखुषीची, असें सर्व कागद सांगतात. परंतु ज्याच्या हातीं हजेरी मांडणें आहे, त्या मुकादमाच्या देखत दिलेली संमति कितपत स्वखुषीची, आणि तुरुंगांतल्या कैद्याची कितपत, याविषयीं आम्हांस शंका आहे. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें टोचलेले १९ लोक धनुर्वातानें दगावले. दोष हाफकिन यांजवर आला व पुढें कांहीं वर्षांनीं ते त्यांतून मुक्त झाले. त्या दुर्घटनेनें लोकांच्या मनांत जी भीति बसली ती मात्र लवकर गेली नाहीं.

दरम्यान मार्च १८९७ पासून मुंबईचा कारभार जनरल गटाक्रे यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिटीकडे गेला होता, आणि त्याआधीं ४ फेब्रुवारी रोजीं साथीच्या रोगांचा कायदा पास झालेला होता. स्नो यांनीं मागें घेतलेली सक्ति नव्या जोमानें परत आली. तिचें फळ ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत दिसलें. एका जुलाह्याच्या घरांतील आजारी मुलीस नेण्यास पथक गेलें असतां दंगा उसळला. त्यापाठोपाठ गोदींतले मजूर व गाडीवान यांनीं काम बंद ठेविलें, आणि बंदराचा माल जागच्या जागीं पडून राहिला. यानंतर सरकारचें धोरण हळूहळू सैल होत गेलें. स्नो यांनीं पूर्वीं हलालखोरांविषयीं जें लिहिलें होतें, तें गोदीच्या मजुरांनीं पुन्हां एकदां शिकविलें, असें आम्ही म्हणतों.

आतां साधनांविषयीं. स्नो व गटाक्रे यांचे अहवाल, कंडन यांचा १९०० सालचा ग्रंथ, आणि कॅप्टन मॉस यांनीं काढलेलीं १८९६–९७ चीं छायाचित्रें हीं उपलब्ध आहेत. हीं सर्व एका बाजूचीं. छायाचित्रांत पथकें आहेत, धुतलेल्या गल्ल्या आहेत, इस्पितळांतल्या खाटा आहेत. रोजचा पगार मागणारा माणूस त्यांत नाहीं. तो सांपडला तर गिरण्यांच्या दप्तरांतच सांपडेल. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि दप्तरें किलोच्या भावानें गेलीं. सनदा व महजर जपणारे आपले संग्राहक अशा वह्यांकडे पाहत नाहींत. त्यांत मोडी नाहीं, शिक्के नाहींत, एखाद्या घराण्याचें नांव नाहीं.

तरी आमची विनंति आहे. डिसेंबर १८९६ ते मे १८९७ या महिन्यांतील कोणत्याहि गिरणीचें हजेरीपुस्तक, रोजच्या पगाराची वही, टोचणीचा दाखला, किंवा मुंबईहून गांवीं लिहिलेलें त्या महिन्यांतलें पत्र कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याची नक्कल करून घेऊं द्यावी. रत्नागिरी, साताऱ्याकडील घरांच्या माळ्यावर जुन्या पेट्यांत असे कागद असण्याचा संभव अधिक. कामगार आपलें गांठोडें तिकडेच घेऊन गेला होता. वही फाटकी असली तरी चालेल. नांवापुढें गैरहजेरीची खूण कोणत्या तारखेपासून सुरू होते आणि तो माणूस परत हजर झाला कीं नाहीं, एवढें वाचतां आलें तरी पुरे.