मित्राचे स्मरण, रचनाकाराचाही निरोप

पाश्चात्त्य अभिजात संगीतात दिवंगत संगीतकाराच्या स्मृतीस रचना अर्पण करण्याची परंपरा जुनी आहे. क्लॅरिनेट आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेल्या अशा रचनांत फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलांक (१८९९-१९६३) यांच्या सोनाटाचे स्थान विशेष आहे. १९६२ मध्ये पूर्ण झालेली ही रचना आर्थर ऑनेगेर यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे.

पूलांक आणि ऑनेगेर हे दोघेही पॅरिसमधील सहा तरुण संगीतकारांच्या गटात होते. समीक्षक आंरी कोले यांनी १९२० मध्ये या गटाला 'ले सीस', म्हणजे 'सहा जण', असे नाव दिले. दोघांच्या वृत्ती मात्र भिन्न होत्या. ऑनेगेर यांचा ओढा बाखच्या भारदस्त परंपरेकडे, तर पूलांक यांना सहज, गेय आणि खेळकर स्वररचना प्रिय होती. ऑनेगेर यांचे निधन १९५५ मध्ये झाले.

सोनाटाचे तीन भाग आहेत. पहिल्याचे शीर्षकच 'द्रुत, परंतु खिन्नतेने' अशा अर्थाचे आहे. त्याच्या वेगवान स्वरांच्या मधोमध एक संथ, शांत खंड येतो. दुसरा भाग 'रोमान्झा' विलंबित असून क्लॅरिनेटचा मानवी कंठाशी जुळणारा गुण येथे पूर्णत्वाने प्रकटतो. तिसऱ्या भागात अवखळ उत्साह आहे. पूलांक यांनी त्याच वर्षी प्रोकोफिएव्ह यांच्या स्मरणार्थ ओबो आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. त्याचा शेवट विलापिकेने होतो; क्लॅरिनेटचा सोनाटा मात्र शोकापाशी थांबत नाही.

ही रचना विख्यात जॅझवादक बेनी गुडमन यांच्यासाठी लिहिली गेली होती. बेला बार्टोक आणि आरॉन कोपलँड यांच्याकडूनही गुडमन यांनी पूर्वी क्लॅरिनेटसाठी रचना लिहवून घेतल्या होत्या. पहिल्या वादनात पियानोची साथ स्वतः पूलांक करणार होते. परंतु ३० जानेवारी १९६३ रोजी पॅरिस येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

अखेर १० एप्रिल १९६३ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गुडमन यांनी हा सोनाटा प्रथम सादर केला. पियानोवर लिओनार्ड बर्नस्टाइन होते. मित्राच्या स्मरणार्थ लिहिलेली ही रचना श्रोत्यांनी ऐकली तेव्हा ती रचनाकारालाही वाहिलेली आदरांजली ठरली होती. आज जगभरच्या क्लॅरिनेटवादकांच्या नित्य अभ्यासात तिचा समावेश असतो.